गोल करणाऱ्याची चाकरी

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई मार्गालगत बृहन्मुंबई महानगरपालिकेने १९८८ साली जे क्रीडासंकुल उभे केले, त्याला शहाजीराजे भोसले यांचे नाव देताना नगरपित्यांच्या मनात फुटबॉलचा विचार आला असेल असे मानण्यास काहीच आधार नाही; परंतु ज्या मैदानावर पुढे सेनेगल, उरुग्वे, ब्राझील, रुमानिया आणि सर्बिया अशा दूरदूरच्या मुलखांतील खेळाडू हंगामी करारनाम्यावर येऊन उतरले, त्या मैदानाला हे नाव लाभावे हा योग मोठा मार्मिक म्हटला पाहिजे. शहाजीराजांनी निजामशाहीत नाव काढले, १६३० च्या सुमारास ते मोगलांकडे गेले, तेथून निजामशाहीत परतून त्या बुडत्या राज्याचा डोलारा त्यांनी काही वर्षे एकट्याच्या बळावर सावरून धरला, आणि १६३६ नंतर आदिलशाहीच्या चाकरीत रुजू होऊन बंगळूरची जहागीर सांभाळली. यात चंचलपणा पाहणारा मनुष्य त्या काळाचा व्यवहार न समजलेला होय. कारण ज्याच्या पदरी स्वतःचे पथक आहे आणि ज्याच्या तलवारीला बाजारात मोल आहे, त्याने कोणत्या दरबारी किती दिवस राहावे याचा निर्णय निष्ठेइतकाच मुशाहिऱ्यावर, मानमरातबावर आणि दरबाराच्या आयुर्मर्यादेवरही अवलंबून असे.

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग असत, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. शिलेदार अधिक तनखा मागे आणि मुदत सरताच दुसरीकडे जाण्यास मोकळा असे. बारगिराचा तनखा बेताचा, परंतु तो सरकारचा माणूस असल्यामुळे त्याच्या पोटाची काळजी सरकारला वाहावी लागे. मुंबईत फुटबॉल खेळून ज्यांनी चरितार्थ चालविला, त्यांचा, विशेषतः ज्यांच्यावर गोल करण्याची जबाबदारी असे त्या आघाडीच्या खेळाडूंचा, शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन शब्दांत जवळजवळ पुरता सामावतो. या शहरात गोल करणारा मनुष्य बहुधा बाहेरूनच आला आणि बहुधा पगारासाठीच आला. बदलत गेले ते त्याला पदरी ठेवणारे धनी, आणि त्या धन्याशी असलेल्या त्याच्या बंधाचे स्वरूप.

आरंभीचा धनी म्हणजे पलटण. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी तो चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांनी नेला. त्यानंतर चार-साडेचार दशके चषकावर नावे कोरली गेली ती बहुतेक गोऱ्या पलटणींचीच. ज्या शिपायाची पलटण मुंबई इलाख्यात असे तो येथे खेळे आणि पलटणीची बदली झाली की तोही बाडबिस्तरा आवरी, त्यामुळे त्याच्या खेळाची मुळे या मातीत कधी रुजलीच नाहीत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या हिंदी संघाने ती मालिका खंडित केली, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी हा चषक जिंकून मुंबईकरांना दाखवून दिले की सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा गुरू असेल तर पोलिसी खात्यातील साधे हुद्देदार कूपरेजच्या मैदानावर काय चमत्कार घडवू शकतात. पलटण आणि पोलीस हे दोन्ही धनी बारगीर पाळणारे होते, आणि त्यांच्याच वहिवाटीवर मुंबईच्या व्यापारी पेढ्यांनी आपले संघ उभारले.

या पेढ्यांची नावे आज वाचली तरी गतकालीन मुंबईचा उद्योगधंदा डोळ्यांपुढे उभा राहतो: टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, मफतलाल, महिंद्र आणि महिंद्र, एअर इंडिया, दोन्ही रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका, आणि चेंबूरचा खतांचा कारखाना. येथे खेळाडूला नेमले जाई ते कारकून म्हणून, टंकलेखक म्हणून, गोदामातील मदतनीस म्हणून. त्याचे नाव हजेरीपटावर चढे, त्याला प्रॉव्हिडंट फंड लागू होई, दुपारनंतर सरावासाठी मोकळीक मिळे, आणि गुडघा निकामी झाला तरी टेबल-खुर्ची मात्र शाबूत राही. अशा नोकरीत श्रीमंती नव्हती. परंतु तिशीनंतर ज्या धंद्यात मनुष्य म्हातारा ठरतो, त्या धंद्यातील माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत दरमहा पगार देणारी ही व्यवस्था जगातील फार थोड्या फुटबॉलपटूंच्या वाट्याला आली असेल.

या बारगिरांत सर्वांत तेजस्वी निघाले ते नेव्हिल डिसोझा. १९३२ साली जन्मलेले हे गृहस्थ मूळचे बार्देशातील आसगावचे. म्हणजे त्या काळच्या राजकीय नकाशाप्रमाणे पाहिले तर परमुलखातले, कारण गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. गोव्याचे खलाशी, आचारी आणि वाजंत्री पोटासाठी मुंबईस येत आणि धोबीतलावच्या कुडांतून, म्हणजे आपापल्या गावच्या सामाईक बिऱ्हाडांतून, उतरत. त्याच प्रवाहाबरोबर फुटबॉलही आला, आणि पुढे वांद्रे, कलिना, मरोळ, मालाडचे ओर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी अशा उपनगरी वस्त्यांत, जेथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, तेथील चर्चच्या अंगणांत तो चांगलाच फोफावला. पावसाळ्यात क्रिकेटची मैदाने चिखलाने बंद पडत तेव्हा या मंडळींचा हंगाम रंगात येई. नेव्हिल डिसोझा प्रथम टाटांच्या आणि नंतर कॅलटेक्सच्या संघातून खेळले, आणि १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला तो या पेढ्यांच्या संघांच्या वैभवाचा काळ होता.

तथापि त्यांची कीर्ती झाली ती मुंबईबाहेर, थेट मेलबर्नला. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने चार विरुद्ध दोन असा विजय मिळविला आणि त्या चारांपैकी तीन गोल डिसोझांचे होते; ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई मानले जातात. उपांत्य सामन्यात गाठ पडली ती युगोस्लाव्हियाशी. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीला याच देशाने आपल्या संघाचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला होता, आणि आपले बरेच खेळाडू त्या वेळी अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतरच बूट सक्तीचे झाले. मेलबर्नला मध्यंतरापर्यंत दोन्ही बाजूंना शून्य होते. उत्तरार्ध सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच डिसोझांनी गोल केला आणि कूपरेजवरचा हा कारकून-खेळाडू भारताला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर घेऊन उभा राहिला. हे भाग्य काही मिनिटेच टिकले. युगोस्लाव्हियाने लागोपाठ गोल करून सामना चार विरुद्ध एक असा जिंकला. पुढे कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियानेही आपणास हरविले आणि भारत चौथा आला. त्या चौथ्या स्थानापुढे भारतीय फुटबॉल ऑलिंपिकमध्ये कधीच गेला नाही.

युगोस्लाव्हियाच्या त्या चार गोलांपैकी एक गोल टोडोर वेसेलिनोविच नावाच्या सर्बियन आघाडीवीराचा होता, आणि स्पर्धा संपली तेव्हा डिसोझा, वेसेलिनोविच व बल्गेरियाचा मिलानोव्ह हे तिघे प्रत्येकी चार गोलांनिशी सर्वाधिक गोल करणारे ठरले. १९३० साली नोवी सादला जन्मलेला वेसेलिनोविच आणि दोन वर्षांनी धाकटे नेव्हिल डिसोझा हे दोघे त्या डिसेंबरात एकाच पायरीवर उभे होते. दोघेही कागदोपत्री हौशी, दोघांच्याही पोटाची सोय वेगवेगळ्या आडमार्गांनी केलेली, आणि दोघांचेही गोल चार. तेथून पुढे मात्र वाटा फुटल्या. युगोस्लाव राज्यव्यवस्थेत खेळाडूने उमेदीची वर्षे देशाला दिल्याशिवाय त्याला परदेशी जाण्याची परवानगी नसे. ती वर्षे वोइवोदिना या आपल्या गावच्या संघात घालवून वेसेलिनोविच तिशीत सीमा ओलांडून इटलीच्या साम्पदोरियात दाखल झाला, तेथून व्हिएन्नाला गेला, आणखीही संघ पाहून झाले, आणि बूट खुंटीला टांगल्यावर प्रशिक्षक म्हणून थेट कोलंबियापर्यंत पोचला. इस्तंबूलच्या फेनरबाह्चे संघाने १९८८–८९ च्या हंगामात १०३ गोल करून अजिंक्यपद मिळविले ते त्याच्याच हाताखाली. एवढी मुशाफिरी करून तो २०१७ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी वारला.

नेव्हिल डिसोझा मुंबईतच राहिले आणि १९८० साली, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, निवर्तले. या दोन आयुष्यांची तुलना करून एकास भाग्यवान आणि दुसऱ्यास अभागी ठरविण्याचा मोह अनेकांस होतो. मला तो रास्त वाटत नाही. डिसोझांना जगाची बाजारपेठ मिळाली नाही हे खरे, पण त्यांना जे मिळाले ते ज्या व्यवस्थेतून मिळाले ती व्यवस्था मुंबईची स्वतःची होती, आणि तिच्यात कलिन्याच्या किंवा ओर्लेमच्या एखाद्या मुलाला चर्चच्या अंगणातून निघून पेढीच्या हजेरीपटापर्यंत पोचण्याची एक ओळखीची, चढता येण्याजोगी वाट होती. सर्बियाशी आपला संबंधही तेथे संपला नाही. मिलोवान चिरिच हे बेलग्रेडकडचे गृहस्थ भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९८४ च्या सिंगापूर येथील आशियाई चषकात आपला संघ त्यांच्या हाताखाली उतरला, इराणसारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी शून्य-शून्य अशी बरोबरीही करून आला. त्यानंतर आशियाई चषकाचे दार आपणास उघडले ते थेट २०११ साली.

आता शिलेदार कसा आला ते पाहू. महिंद्रांचा संघ हा मुळात पेढीचाच, १९६२ सालचा. ज्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना कांदिवलीच्या आकुर्ली भागात आहे त्याच घराण्याचा. या संघाने महिंद्र युनायटेड असे नाव घेऊन व्यावसायिक रूप धारण केले आणि परदेशी खेळाडू पदरी ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा मुंबईत प्रथमच हजेरीपटावरचा आणि करारनाम्यावरचा असे दोन्ही प्रकारचे खेळाडू एकाच चेंजिंग रूममध्ये बसू लागले. मोहन बागानचा लाडका ब्राझिलियन आघाडीवीर होजे रामिरेझ बार्रेटो कोलकाता सोडून, मध्ये मलेशियाचे पाणी चाखून, मुंबईस आला आणि २००५–०६ च्या राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद महिंद्रांनी मिळविले. पुढच्याच हंगामात तो पुन्हा कोलकात्यास गेला. अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या माणसाने लगेच धनी बदलावा हे पेढीच्या जगात कृतघ्नपणाचे ठरले असते. शिलेदारीच्या जगात तो नित्याचा व्यवहार होता, आणि मुंबईने त्या वेळी त्याकडे विशेष लक्षही दिले नाही, कारण तोवर फुटबॉलची बातमी क्रीडापानाच्या तळाशी गेली होती. चार वर्षांनी, २०१० मध्ये, महिंद्रांनी हा संघच बरखास्त केला.

बारगिरीचा शेवट मात्र झाला तो एका कागदाने. कलिन्याच्या मैदानावर ज्यांचा सराव चाले तो एअर इंडियाचा संघ आणि त्याच्या जोडीला ओ.एन.जी.सी.चा संघ, हे दोन्ही २०१३ साली राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगमधून वगळले गेले, कारण आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी, म्हणजे स्वतंत्र कंपनी, स्वतःचे हिशेब, तरुणांसाठी अकादमी इत्यादी, या सरकारी खात्यांच्या संघांना पुऱ्या करता येण्याजोग्या नव्हत्या. अटी वाईट नव्हत्या. जगभर ज्या पद्धतीने क्लब चालतात त्याच पद्धतीने ते येथे चालावेत हा हेतूही सरळच होता. परंतु ज्या शहरात क्लब नव्हतेच, पेढ्याच होत्या, तेथे पेढ्यांना दाराबाहेर काढले की आत कोण उरते, याचा विचार त्या मसुद्यात नव्हता. एअर इंडियातून खेळलेले आणि पुढे मुंबई एफ.सी.चे प्रशिक्षक झालेले खालिद जमील २०१७ साली मिझोरमच्या आयझॉलला आय-लीग जिंकून देते झाले, ही गोष्ट त्या पेढीच्या पिढीच्या पोटी काय सामर्थ्य होते हे सांगण्यास पुरेशी आहे; मुंबई एफ.सी. स्वतः मात्र त्याच हंगामात तळाशी राहून नाहीशी झाली.

दरम्यान २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग अवतरली आणि तिच्याबरोबर मुंबई सिटी एफ.सी.ही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो धावू लागली होती, त्यामुळे पुढे घाटकोपरच्या माणसाला आझादनगरला उतरून सामना पाहणे सोपे झाले. पण पहिली दोन वर्षे सामने झाले ते नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर. पहिल्या वर्षी निकोलस आनेल्का आला. पॅरिस, आर्सेनल, रिआल माद्रिद, मँचेस्टर सिटी, फेनरबाह्चे, बोल्टन, चेल्सी, शांघाय आणि युव्हेंटस अशी त्याच्या मागील धन्यांची यादी वाचताना दम लागावा. शिलेदारीचा इतका विस्तृत मुलूख पाहिलेला मनुष्य मुंबईच्या पदरी त्यापूर्वी कधी नव्हता. तथापि या लीगमधील पहिली हॅट्ट्रिक त्याच्या नावावर नाही. पुण्याविरुद्धच्या पहिल्याच घरच्या सामन्यात ती केली आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियनाने, ज्याचे नाव सामन्यापूर्वी मुंबईत क्वचितच कोणी ऐकले असेल.

२०१६ मध्ये महानगरपालिकेच्या अंधेरीच्या संकुलात फुटबॉलची व्यवस्था झाली. ज्या मैदानावर १९९६ च्या नोव्हेंबरात मायकेल जॅक्सनचा जलसा झाला होता आणि जे एरवी पुरस्कार-समारंभांच्या मांडवांसाठीच लोकांच्या परिचयाचे होते, तेथे हिरवळ सुधारली गेली, आठ हजारांच्या आतबाहेर प्रेक्षक बसतील अशा पायऱ्या झाल्या, आणि ३ सप्टेंबर रोजी भारताने प्युएर्तो रिकोला चार विरुद्ध एक असे हरविले; मुंबईत आंतरराष्ट्रीय सामना होण्यास मध्ये ६१ वर्षे गेली होती. त्याच हिवाळ्यात २०१० च्या विश्वचषकाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू दिएगो फोरलान याने केरळविरुद्ध येथे हॅट्ट्रिक केली आणि मुंबईने पाच विरुद्ध शून्य असा विजय मिळविला.

परंतु अंधेरीच्या शिलेदारांचा खरा प्रतिनिधी मला फोरलान वाटत नाही. तो कीर्तीच्या पालखीतून आला आणि पालखीतूनच गेला. खरा प्रतिनिधी मोदू सूगू. सेनेगलचा हा आघाडीवीर पोर्तुगालमध्ये लेइरिया, सेतुबाल, कोइंब्रा अशा मध्यम गावांच्या संघांतून खेळला, मग रुमानियातील क्लुजला गेला, तेथून फ्रान्समध्ये मार्सेय, मग इंग्लंडमध्ये शेफील्ड वेन्सडे, पुन्हा पोर्तुगाल, आणि २०१८ साली वयाच्या चौतिशीच्या सुमारास अंधेरीस दाखल झाला. क्लुजमध्ये त्याच्याबरोबर राफाएल बास्तोस नावाचा ब्राझिलियन खेळत असे, ज्याने २०१२ च्या सप्टेंबरात चॅम्पियन्स लीगमध्ये ब्रागाच्या मैदानावर दोन गोल करून क्लुजला विजय मिळवून दिला होता. कार्पेथियन पर्वताच्या कुशीतल्या एका गावात एकत्र नांदलेले हे दोघे सहा वर्षांनी वीरा देसाई मार्गावर पुन्हा एका पंक्तीला बसले. १६ डिसेंबर २०१८ रोजी केरळ ब्लास्टर्सविरुद्ध सूगूने पहिल्या अर्ध्या तासातच तीन गोल केले, अखेरीस चौथा केला. बास्तोसनेही एक टोलवला. सामना सहा विरुद्ध एक असा संपला आणि केरळचे प्रशिक्षक डेव्हिड जेम्स यांची चाकरीही त्याबरोबर संपली. (अंधेरीने केरळच्या गोलरक्षकांवर विशेष अन्याय केला आहे, हे फोरलानच्या सामन्यावरूनही दिसेल.) मुंबईच्या बचावफळीत त्या हंगामात मार्को क्लिसुरा हा सर्बियन होता, आणि त्याच हंगामात दिल्लीच्या संघाकडे आंद्रिया कालुजेरोविच नावाचा सर्बियन आघाडीवीर आला होता, जो बेलग्रेडच्या रेड स्टारपासून बीजिंग, स्पेनमधील सांतांदेर आणि न्यूझीलंडमधील वेलिंग्टन अशी चारी दिशांची यात्रा करून आलेला होता आणि हंगाम पुरा होण्यापूर्वीच पुढच्या मुक्कामास निघून गेला.

सर्बियासारख्या लहान देशातून एवढे खेळाडू जगभर का विखुरतात, याचे कारण त्या देशाच्या आणि युरोपच्या अलीकडील इतिहासात आहे. १९९१ पासून युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध आणि निर्बंध यांनी तेथील क्लबांची तिजोरी रिकामी झाली. आणि १९९५ च्या डिसेंबरात जाँ-मार्क बोसमन या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने निवाडा दिला की कराराची मुदत संपलेला खेळाडू मोबदल्यावाचून कोठेही जाण्यास मुखत्यार आहे. त्या निवाड्याने मोठा खेळाडू धनवान झाला आणि मध्यम खेळाडू भटका झाला. ज्याला एका जागी दहा वर्षे कोणी ठेवणार नाही, पण एक-दोन हंगाम ठेवण्यास सर्वत्र कोणी ना कोणी तयार असेल, अशा माणसांची एक जागतिक जमात तयार झाली, आणि भारताची लीग ही तिच्या वाटेवरची, बहुधा शेवटून दुसरी, धर्मशाळा ठरली. मुंबईला २०२०–२१ मध्ये लीग आणि चषक असे दोन्ही मान मिळाले ते ॲडम ल फाँड्र आणि बार्थोलोम्यू ओगबेचे या अशाच दोघांच्या गोलांवर. एकाने स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम, रेडिंग करीत सिडनी गाठली होती, दुसरा भारतातच गुवाहाटी आणि कोची पाहून आला होता. साथीच्या रोगामुळे तो सारा हंगाम गोव्यात बंद दाराआड झाला, त्यामुळे मुंबईच्या सर्वांत यशस्वी वर्षातील एकही गोल मुंबईकराने मैदानात बसून पाहिला नाही.

या शिलेदारांविषयी माझ्या मनात आकस नाही. त्यांनी घेतलेल्या पैशाचे चीज केले, आणि सूगूचा धावण्याचा वेग चौतिशीतही पाहण्याजोगा होता. तक्रार आहे ती हिशेबाच्या दुसऱ्या बाजूची. आरंभी प्रत्येक संघाला एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरविता येत, २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. आणि ज्याच्या पदरी चार परदेशी असतात तो धनी त्यांतला एक तरी ऐन गोलासमोर उभा करतो, कारण सामने तेथे जिंकले जातात. परिणाम असा की पहिल्या ११ हंगामांत सर्वाधिक गोल करणाऱ्यास मिळणारा सुवर्णबूट एकदाही भारतीयाच्या हाती लागला नाही, भारतीय तरुण आघाडीवीर कडेच्या बाजूस सरकले, आणि देशाच्या संघाचे मध्य-आघाडीचे ओझे सुनील छेत्री यांनी चाळिशीपर्यंत एकट्याने वाहिले.

छेत्री यांनीही मुंबईची चाकरी केली आहे. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत झालेल्या लिलावात १ कोटी २० लाख रुपयांची, त्या दिवशीची सर्वांत मोठी, बोली लागून ते मुंबई सिटीकडे आले आणि त्याच हंगामात या लीगमध्ये हॅट्ट्रिक करणारे पहिले भारतीय ठरले. परंतु अंधेरीला त्यांची आठवण आहे ती वेगळ्या कारणाने. १ जून २०१८ रोजी चिनी तैपेईविरुद्ध येथे भारत पाच विरुद्ध शून्य असा जिंकला, तीन गोल छेत्रींचे, आणि पायऱ्यांवर होते अवघे २,५६९ प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रफितीतून लोकांना हात जोडून विनविले की आम्हांला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध त्यांचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. मृगाच्या आगमनाचा पाऊस धो धो कोसळत होता, हिरवळीवर पाणी साचून चेंडू जागच्या जागी थबकत होता, आणि तरीही पायऱ्या गच्च भरल्या होत्या; छेत्रींनी एक गोल पेनल्टीवर केला आणि दुसरा अगदी अखेरीस, पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद चेंडू उचलून. जो शिलेदार धन्याकडे नव्हे तर रयतेकडे गाऱ्हाणे घेऊन गेला, असा या मैदानावर तो एकच.

मुंबई सिटीची बहुसंख्य मालकी २०१९ मध्ये मँचेस्टरच्या सिटी फुटबॉल समूहाने घेतली होती, आणि २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्यास मोहन बागानला हरवून मुंबईने चषक पुन्हा आणला. परंतु लीग ज्या पंधरा वर्षांच्या हक्कनाम्यावर उभी होती, त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपली, नव्या हंगामाचा पत्ता लागेना, आणि त्याच महिन्यात या समूहानेही आपला हिस्सा मूळ मालकांस देऊन येथील मुक्काम हलविला. शिलेदाराची मुदत संपते हे आपण पाहत आलो होतो. येथे दरबाराचीच मुदत संपली. कॅलटेक्स किंवा एअर इंडियाच्या हजेरीपटावर नाव असलेल्या खेळाडूला अशा प्रसंगी दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन बसता आले असते. आजच्या बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या मुलाला ती कचेरी नाही; तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद टर्फवर तो उत्तम खेळतो, रिंक फुटबॉलच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवितो, आणि बाविसाव्या वर्षी नोकरी शोधावयास लागतो. रेल्वे, बँका आणि खुद्द महानगरपालिका यांनी खेळाडूंसाठीच्या जागा भरण्याचे मनावर घेतले, तर परवान्याच्या अटी न मोडताही ही बारगिरी स्थानिक लीगपुरती पुन्हा उभी राहू शकेल असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर एक काम तरी वाचकांपैकी काहींना करता येईल. सूगूचा प्रत्येक गोल कोणत्या मिनिटाला झाला हे जगात कोठेही बसून पाहता येते. पेढ्यांच्या संघांचा इतिहास मात्र कलिना, मरोळ, ओर्लेम आणि चेंबूर येथील घरांच्या कपाटांत, पिवळ्या पडलेल्या समूहचित्रांत, नेमणुकीच्या पत्रांत आणि मुंबईच्या हारवुड लीगच्या सामनापत्रिकांत विखुरला आहे. ज्यांच्या घरी वडिलांचे किंवा आजोबांचे असे दप्तर असेल त्यांनी त्यावर नावे आणि साले लिहून ठेवावीत, आणि घर पुनर्विकासाला देण्यापूर्वी ते एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावे.